चेहरा कापून घेतल्यावर

चाळीस वर्षांत मामाने जे चेहरे रंगवले, त्यांतले निम्म्याहून अधिक गेलेल्या माणसांचे. घरची मंडळी जुना फोटो घेऊन येतात, कधी लग्नातल्या ग्रुपचा, कधी ओळखपत्रावरचा, आणि वर्षश्राद्धाच्या आत तैलचित्र हवं असतं. फोटोत नाकडोळे धड दिसत नाहीत. मग बायको किंवा मुलगी स्टुलावर बसून सांगत राहते, "डोळे एवढे करारी नव्हते त्यांचे, जरा मऊ करा." मामा मऊ करतो.

मी जुन्या चित्रांच्या जतनाचं काम करते. ते वेडही त्याच्याच खोलीतून लागलं.

गेल्या हिवाळ्यात मामा इजिप्तला जाऊन आला. आपल्याकडची बरीच मंडळी जातात तसाच: कैरोला पिरॅमिड, मग लक्सर ते अस्वान नाइलमधली बोट, मधे एक दिवस देंदेरा, पुढे एदफू, कोम ओंबो आणि शेवटी फिले. परतला तो अस्वस्थ. त्यानंतरच्या दोन रविवारी त्याच्या खोलीत आमचं जे बोलणं झालं, ते इथे लिहिते आहे. आमचं एकमत झालं नाही.

"बोटीतून उतरून मी जी देवळं पाहिली," मामा म्हणाला, "त्यांतली जवळजवळ सगळी ग्रीक आणि रोमन अमलातली निघाली. एदफूचा पाया इ.स.पू. 237 चा, काम पुरं झालं इ.स.पू. 57 ला. पाया घातला तेव्हा आपल्याकडे अशोक हयात होता. खुफूचा पिरॅमिड त्या वेळीच 2300 वर्षांचा जुना."

"एदफू बांधणारं टॉलेमी घराणं अशोकाला ठाऊक होतं. त्याच्या तेराव्या शिलालेखातला तुरमाय म्हणजे टॉलेमी दुसरा. एदफूचा पाया घालणारा टॉलेमी तिसरा त्याचा मुलगा."

"तेच म्हणतोय मी. अलेक्झांडर इ.स.पू. 332 ला आला, त्याच्या सेनापतीने गादी धरली, आणि इ.स.पू. 30 मध्ये क्लिओपात्रा मेल्यावर रोमने देश ताब्यात घेतला. एवढं सगळं घडलं, पण भिंतीवरचा राजा तोच. तोच दुहेरी मुकुट, एक पाय पुढे टाकून उभं राहायची तीच रीत. चेहरा मात्र कुणाचाच नाही. मी माणसांचे चेहरे काढतो, मला ते टोचलं. आणि शरीरं बघ. लक्सरच्या देवळात आमेनहोतेप या जुन्या फेअरोच्या काळची रेषा पाहिली, तारेसारखी ताणलेली. एदफूला ती सैल पडली आहे. पोटं उशीसारखी, बेंबी चमच्याने कोरून काढल्यासारखी. हात सराईत आहेत, पण नुसतेच सराईत."

"तो फुगीरपणा त्यांना हवा होता, मामा. प्रमाणंसुद्धा बदलली होती. उभी आकृती आधी अठरा चौकटींत बसवत, नंतरच्या काळात एकवीस चौकटींत. शिकाऊ हातांच्या चुनखडीच्या पाट्या सापडल्या आहेत, चौकटी आखलेल्या, चेहरा अर्धवट कोरलेला. म्हणजे शिकणं-शिकवणं जोरात चालू होतं."

"शिकवणं चालू असतं आणि चित्रातला जीव गेलेला असतो, असं होतं. देंदेराला त्या लांबट चौकटी पाहिल्यास? राजाचं नाव लिहायच्या. कार्टूश. कित्येक रिकाम्या. राजा देवाला नैवेद्य देतोय, डोक्याशी नावाची चौकट आहे, आणि आत काही नाही. कोण राज्यावर आहे हे कारागिराला माहीत नव्हतं, की त्याने काही फरक पडत नव्हता? मी एखाद्याचं चित्र काढून डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्यासारखं आहे ते."

मला लगेच बोलता येईना. रिकाम्या चौकटी खऱ्या आहेत. टॉलेमी घराण्याच्या शेवटच्या दशकांत गादीवर कोण हेच वरचेवर बदलत होतं, आणि देंदेराचं आताचं देऊळ त्याच धामधुमीत, इ.स.पू. 54 मध्ये उभं राहू लागलं. काही ठिकाणी चौकटीत नुसतं 'फेअरो' एवढंच लिहिलेलं असतं. पुढे ऑगस्टस आला. अपिस या पवित्र बैलाचं दर्शन घ्यायला त्याने नकार दिला, आपण देवांना भजतो, गुराढोरांना भजत नाही, अशा अर्थाचं तो बोलल्याचं इतिहासकार कॅसियस डिओने नोंदवलं आहे. आणि याच ऑगस्टसला नूबियातल्या कलाब्शाच्या भिंतीवर पुजाऱ्यांनी फेअरोच्या वेषात इजिप्तच्या देवांपुढे उभं केलं आहे, हातात दान घेऊन.

"म्हणजे खोटं चित्र," मामा म्हणाला.

"माझ्या मते ते पुजाऱ्यांचं चित्र आहे. राजाने पूजा केली नाही तर सृष्टीची घडी विसकटते, ही त्यांची श्रद्धा. राजा परका असला तरी पूजा थांबवून कसं चालेल? म्हणून त्यांनी राजाची जागा धरून ठेवली. त्या जागेत कोण उभा आहे, हे त्यांनी दुय्यम मानलं. तुला जो कोरा चेहरा टोचला, त्याच्याच आधाराने ते देऊळ चाललं."

"आणि पैसा? तो कोण देत होतं?"

"राजे देत होते, देवळांच्या जमिनी होत्या. राजांना पुजारी हवे होते, पुजाऱ्यांना राजे. रोझेटाचा शिलालेख हाच तर व्यवहार आहे: इ.स.पू. 196, मेंफिसला जमलेल्या पुजाऱ्यांनी पाचव्या टॉलेमीचा गौरव केला, आणि तो कोरला देवळाच्या लिपीत, रोजच्या लिपीत आणि ग्रीकमध्ये. पण मामा, पैसा घेऊन त्यांनी काय कोरलं ते बघ. एदफूला एक छोटी खोली आहे, तिच्या भिंतींवर सुगंधी द्रव्यांच्या कृती आहेत, कोणता जिन्नस किती, किती दिवस मुरवायचा. दुसऱ्या खोलीत ग्रंथांच्या नावांची यादी. बाहेरच्या भिंतीवर होरस भाल्याने पाणघोड्याला मारतो, तो पाणघोडा म्हणजे त्याचा वैरी सेथ, आणि तो मुद्दाम एवढासा काढला आहे, कारण कोरलेली वस्तू जिवंत होऊ शकते. जुन्या देवळांत एवढं लिहीत नसत, ते पपायरसच्या गुंडाळ्यांत असायचं. आपल्यामागे कुणी वाचणारा राहील की नाही ही शंका मनात आल्याशिवाय कुणी असा सगळा दप्तरखाना दगडावर उतरवत नाही."

"आणि वाचणारा राहू नये अशीही सोय केली," मामा म्हणाला. "गाइड सांगत होता, आधी सातआठशे चिन्हांत भागायचं, या काळात ती कित्येक हजारांवर गेली. बाहेरच्याला कळू नये म्हणूनच ना?"

या ठिकाणी तो चुकत नव्हता. एस्नाच्या देवळात एक स्तोत्र जवळजवळ पूर्णपणे मगरीच्या चिन्हांनी लिहिलं आहे आणि दुसरं मेंढ्याच्या. ओळीच्या ओळी मेंढेच मेंढे. मला त्यात खेळ दिसतो, भाषेवरचा अफाट हक्क दिसतो. मामाला दार आतून बंद करून बसलेली माणसं दिसतात. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला तेव्हा सुचलं नाही, लिहिताना सुचतं आहे.

त्या दिवशी मी उठता उठता कार्ल्याचा विषय काढला. तिथल्या चैत्यगृहाचे काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांनी, दान दिलेले आहेत, नावं मात्र भारतीय वळणाची. खांबाकडे पाहून कुणी सांगू शकेल का, हा यवनाचा आणि हा इथल्या माणसाचा?

मामा दाराशी उभा होता. "नाही सांगता येणार," तो म्हणाला. "पण तिथे यवन आपल्या देवळाला देणगी देत होता, आपल्यावर राज्य करत नव्हता. दोन्हींत फरक आहे बाई."

तो फरक आठवडाभर माझ्या डोक्यात राहिला.

*

मामाच्या खोलीत आरशाशेजारी एक छापील पान वर्षानुवर्षं लावलेलं आहे. इजिप्तमधल्या फयूमचा, रोमन अमलात ममीवर बसवलेल्या पाटीवरचा एक चेहरा: काळेभोर कुरळे केस, कोवळी दाढी, आणि ओलसर, थेट तुमच्याकडे पाहणारे मोठे डोळे. मामाच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं व्यक्तिचित्र ते. पुढच्या रविवारी मी विचारलं, हा माणूस ग्रीक की इजिप्शियन?

"चित्र ग्रीक," तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "प्रकाश एका बाजूने येतोय, नाकाची सावली गालावर पडली आहे, बुबुळात पांढऱ्याचा एक ठिपका. इजिप्तच्या भिंतीवर तीन हजार वर्षांत कुणी सावली रंगवली का? आणि काम मेणातलं. मधमाश्यांचं मेण वितळवायचं, त्यात रंग घोटायचा, गरम असताना लावायचा, आणि थंड होऊ लागलं की तापवलेल्या लोखंडी पट्टीने ओढायचा. तेलासारखं दोन दिवस थांबून परत हात फिरवायची सोय नाही. गालावर हत्याराचे आडवे ओरखडे दिसतात बघ, आणि केसांत ब्रशचे फटकारे. हा माणूस भराभर काम करत होता आणि कुठेही अडखळला नाही. मी असं एक चित्र केलं असतं तर उरलेली सगळी जाळली असती."

मग तो म्हणाला, "ममी म्हणजे त्याचं खोकं."

मी हातातला दुसरा फोटो पुढे केला. ब्रिटिश म्युझियममधला आर्टेमिडोरस, संपूर्ण. फ्लिंडर्स पेट्री याला ही ममी 1888 मध्ये फयूममधल्या हवारा इथे सापडली, काळ साधारण इ.स. 100 ते 120. विशीतला तरुण. वर लाकडी फळीवर रंगवलेला चेहरा, डोक्यावर सोन्याच्या पानांची माळ. चेहऱ्याखाली गर्द लाल गिलावा दिलेलं शरीराचं आवरण, आणि त्यावर सोन्याच्या वर्खात तीन दृश्यं. अनुबिस सिंहाच्या आकाराच्या पलंगावर ममीची तयारी करतो आहे, दोन्हीकडे देव्या. त्याखाली होरस आणि थॉथ. सगळ्यात खाली ओसिरिस जागा होतो आहे. छातीशी ग्रीक अक्षरांत लिहिलं आहे: आर्टेमिडोरस, निरोप. त्यात निरोपाच्या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं आहे.

मामा बराच वेळ बघत राहिला. "माझ्याकडचं पान असंच कुठून तरी आलं का?"

"अशा हजाराच्या आसपास पाट्या आज माहीत आहेत. त्यांतल्या फारच थोड्या आपल्या ममीवर आहेत. 1887 मध्ये रुबायात इथून निघालेल्या चित्रांचा मोठा साठा थिओडोर ग्राफ नावाच्या व्हिएन्नाच्या व्यापाऱ्याने घेतला आणि युरोपात मांडला. नुसत्या पाट्या, भिंतीवर टांगायला सोयीच्या. पेट्रीनेही बऱ्याच पाट्या ममीपासून वेगळ्या केल्या. प्रेत तिथेच राहिलं, चेहरा संग्रहालयात गेला. मग चेहरा ग्रीक-रोमन दालनात लागला आणि उरलेलं इजिप्तच्या दालनात. आता तू म्हणतोस खोकं इजिप्शियन आणि चित्र ग्रीक. ती फाळणी करवतीने केलेली आहे, मामा."

तो रागावला नाही, पण हरलाही नाही. मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटली, कारण तिचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव 1615 मध्ये सक्काराला गेला आणि तिथे त्याने दोन ममी विकत घेतल्या, एक पुरुषाची, एक स्त्रीची, कापडावर चेहरे रंगवलेल्या, दागिन्यांवर सोनं असलेल्या. अशा चित्रांच्या ममी युरोपने पाहिल्या त्या याच पहिल्या. पुरुषाच्या ममीवर आर्टेमिडोरसवर आहे तोच ग्रीक निरोपाचा शब्द आहे. त्या आज ड्रेस्डेनला आहेत. पुढच्या वर्षी बगदादला पिएत्रोने मआनी नावाच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. 1621 च्या अखेरीस इराणच्या किनाऱ्याजवळ ती तापाने गेली. परक्या मुलखात तिला पुरायला त्याचं मन धजलं नाही. त्याने देह कापूर भरून टिकवला, पेटीत घातला, आणि ती पेटी सामानात दडवून 1623 मध्ये सुरतेला उतरला. तिथून गोव्याला आला, कानडी मुलखात इक्केरीपर्यंत हिंडला, 1624 च्या अखेरीस गोव्याहून परत निघाला. रोमला पोचून 1627 मध्ये त्याने तिला आपल्या घराण्याच्या चॅपेलमध्ये पुरलं. पाच वर्षांहून जास्त काळ ती पेटी त्याच्याबरोबर होती.

"गोव्यात होती ती पेटी?" मामाने विचारलं. मग म्हणाला, "त्याच्याकडे तिचं चित्र नसेल." आणि गप्प झाला.

मी नसतं सांगितलं तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं. पण मला म्हणायचं होतं ते हेच. फयूममधल्या त्या घरांना शरीर टिकवायचं होतं, आणि शरीर कसं टिकवायचं हे इजिप्तला ठाऊक होतं. चेहरा कसा टिकवायचा हे ग्रीक चित्रकाराला जास्त चांगलं येत होतं. तर त्यांनी दोघांनाही बोलावलं. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयात हेराक्लीडिस नावाच्या तरुणाची ममी आहे. नाव ग्रीक, चेहरा ग्रीक पद्धतीचा, गुंडाळलेलं कापड शेंदराने लाल केलेलं, आपल्याकडे देवाला लावतात तोच शिशाचा शेंदूर. तपासणीत तो स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींकडचा निघाला. अशा पाट्यांसाठी लिंडनचं लाकूडही पुष्कळदा युरोपातून यायचं. आणि स्कॅन केल्यावर हेराक्लीडिसच्या पट्ट्यांच्या आत, पोटावर ठेवलेला आयबिस पक्षी सापडला. आपल्या शराटीच्या कुळातला, थॉथ देवाचा. तो कुणाला दिसणार नव्हता. तो दिखाव्यासाठी ठेवलेला नव्हता.

"पण चेहरा दिखाव्यासाठी होता," मामा म्हणाला.

आणि इथे मला माझ्याच बाजूविरुद्ध एक गोष्ट सांगावी लागली. रोमन अमलात इजिप्तमध्ये डोईपट्टी होती. रोमन नागरिकांना आणि अलेक्झांड्रियाकरांना माफ. फयूम जिल्ह्यात साध्या इजिप्शियन माणसाला वर्षाला 40 द्राख्मा, जिल्ह्याच्या मुख्य गावच्या मान्य घराण्यांना 20. कागदपत्रांत '6475 हेलेनी' असा एका गटाचा उल्लेख येतो, टॉलेमींच्या काळी जमिनी देऊन वसवलेल्या सैनिकांचे वंशज. तोवर त्यांची इजिप्शियन घरांशी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक झालेली, पण सरकारदरबारी ग्रीक. रोममध्ये सम्राज्ञीने केस बदलले की फयूमच्या बायकांच्या चित्रांतही ती केशरचना येते, एवढी की आज आपण तिच्यावरून चित्राचा काळ ठरवतो.

"बघ," मामा म्हणाला. तो जिंकल्यासारखा बोलला नाही, त्याला वाईट वाटलं होतं. "ग्रीक दिसणं स्वस्त पडत होतं. ज्याला 40 भरावे लागत, त्याचं चित्र कुठे आहे? शेतात राबणाऱ्याचं?"

"पाटीवर नाही. पण पेटोसिरिसच्या कबरीत आहे."

पेटोसिरिस हर्मोपोलिसचा थॉथचा मुख्य पुजारी, काळ इ.स.पू. 300 च्या आसपास, ग्रीक राज्य नुकतं बसू लागलेलं. ट्यूना एल-गेबेलला त्याने घराण्यासाठी देवळासारखी कबर बांधली. पुढच्या दालनात नांगरणी, द्राक्षं तुडवणं, सुतार, धातुकाम करणारे कारागीर. त्यांचे कपडे ग्रीक धाटणीचे, माना वळलेल्या, अंगं मोकळी, वाकलेली. तिथून आत देव्हाऱ्यात गेलं की सगळं जुन्या शिस्तीत: देव, मृतांचा प्रवास, ताठ रेषा. एकाच माणसाने, एकाच इमारतीत, उंबऱ्याच्या अलीकडे एक भाषा आणि पलीकडे दुसरी वापरली. आपण बाजारात एक बोलतो आणि देवापुढे दुसरं म्हणतो, त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. परक्यांची चित्रभाषा त्याने जगाच्या व्यवहाराला दिली, देवापाशी जायला नाही दिली. निवड करायला त्याचं मन मोकळं होतं, असं मला त्या भिंतींवरून वाटतं.

"पुजाऱ्याचं मन मोकळं होतं," मामा म्हणाला. "नांगर धरलेल्याला कुणी विचारलं नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तोवर त्याने आर्टेमिडोरसचा फोटो भिंग लावून पाहायला घेतला होता. पाटीच्या कडा कुठे जातात, पट्ट्या कुठे येतात, ते तो बोटाने मोजत होता. मी त्याला सांगितलं, की सुट्या पाट्यांच्या कडांना बरेचदा रंगच नसतो, कारण तेवढा भाग पट्ट्यांखाली जायचा. हवाराच्या पाट्या वर गोलाकार कापतात, रुबायातच्या कोपरे तिरके छाटून, अँटिनोपोलिसच्या खांद्यापाशी पायरी देऊन. गुंडाळणाऱ्यांची जशी रीत, तशी पाटी.

"म्हणजे रंगवणाऱ्याला खोक्याचं माप माहीत होतं," तो हळूच म्हणाला. खोकं हा शब्द त्याने बदलला नाही, पण उच्चारला निराळ्या आवाजात.

मग मी त्याला टेबटुनिसच्या त्या अर्धवट पाटीबद्दल सांगितलं, जी आता कॅलिफोर्नियात बर्कलीला आहे. एका बाईचं नुसतं रेखाटन, आणि त्यावर ग्रीकमध्ये रंगवणाऱ्यासाठी सूचना. गळ्यातल्या माळेचा रंग हिरवा. आणि डोळे मऊ करायचे.

मामाने भिंग खाली ठेवलं. स्टुलाकडे पाहिलं. घरची माणसं बसतात त्या.

निघायच्या वेळी त्याने फोनमधला फिलेचा एक फोटो काढून दाखवला. ते बेट आता पाण्याखाली आहे. देवळं 1970 च्या दशकात दगड-दगड सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभी केली. हेड्रियनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दरवाजात मांडुलिस या नूबियाच्या देवाची आकृती आहे आणि शेजारी लिहिलेलं आहे. तारीख 24 ऑगस्ट 394. चित्रलिपीतला तारीख माहीत असलेला हा शेवटचा लेख. तोवर सम्राट थिओडोसियसने मूर्तिपूजेवर बंदी घातली होती, आणि साम्राज्यातली देवळं एकामागून एक मिटत होती.

"हे बघून मी बोटीवर परत गेलो तो जेवलो नाही," मामा म्हणाला. "खांदे चुकलेत, हात चुकलाय. एका काळी ज्यांची रेषा तशी होती, त्यांच्या हाताची ही गत. आता सांग, परक्या राज्यात कला टिकली म्हणून."

"हे ज्याने कोरवलं तो नेस्मेतेराखेम, आयसिसचा दुसरा पुजारी. त्याने स्वतःचं नाव लिहिलं आहे, बापाचं लिहिलं आहे, आणि हे सदासर्वकाळासाठी असं लिहिलं आहे. बाहेर ही लिपी वाचणारा त्या वेळी कुणी उरला होता की नाही, देव जाणे."

"बापाचं नाव लिहिलंय?"

"हो."

"मग बापानेच शिकवली असणार लिपी. शाळा कुठली राहिली होती तेव्हा." त्याने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, परत लहान केला. मग टेबलावरचा कागद ओढला, पट्टी घेतली आणि चौकटी आखायला लागला, खालून वर, मोजून एकवीस. मी चपला घालत होते.

"फोन धर जरा," तो म्हणाला. "सरळ धर. हलवू नकोस."